आजार आणि ओळख यांबद्दल बोलताना शब्द कसे निवडायचे

माझ्या मावशीला फिट्स येतात. एकदा दवाखान्यात वेटिंगला बसलो होतो तर आतून आवाज आला, "ती फिटवाली आली का?" मावशी उठली, पण माझ्याकडे बघितलं नाही तिने, पर्सची चेन उगाच उघडबंद करत राहिली. तेव्हापासून मी शब्दांकडे नीट लक्ष देतो.

सगळ्यात आधी, आजाराला माणसाचं नाव बनवू नका. "कॅन्सरवाले काका" नको, "काकांना कॅन्सर आहे" म्हणा. "वेडा", "मेंटल" हे रागातसुद्धा नको, कारण शेजारी बसलेला कुणीतरी गुपचूप गोळ्या घेत असतो आणि हे ऐकून डॉक्टरकडे जायचंच टाळतो. "महारोगी" तर सोडूनच द्या. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या डॉक्टर हॅन्सन यांनी 1873 मध्येच शोधला, औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो, मग बऱ्या झालेल्या माणसाला आयुष्यभर रोगी का म्हणायचं? एचआयव्ही टेस्टला "क्लीन आली" म्हणू नका, "निगेटिव्ह आली" म्हणा, नाहीतर पॉझिटिव्ह माणूस घाणेरडा ठरतो. आत्महत्येचा प्रयत्न "फसला" असंही नको, तो माणूस वाचलाय.

समलैंगिकतेला "बरं होईल" म्हणणारे अजून भेटतात, जागतिक आरोग्य संघटनेने ती आजारांच्या यादीतून 1990 मध्येच काढली. ट्रान्स व्यक्तीशी, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा किंवा मुलगी ठरवलं त्यापेक्षा जिची ओळख वेगळी आहे तिच्याशी, बोलताना आपल्या मराठीत खरी अडचण क्रियापदाची होते, "आलास" म्हणू की "आलीस"? सरळ विचारा, आणि तोपर्यंत "तुम्ही" वापरा, "कधी आलात, जेवलात का" यात स्त्री-पुरुष येतच नाही. चुकलात तर सॉरी म्हणून लगेच दुरुस्त करा आणि पुढे बोला, तासभर माफी मागत बसलात तर समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते.

आता वर सांगितलं ते सगळ्यांना लागू होईलच असं नाही. बरेच ऑटिस्टिक (स्वमग्न) लोक "मी ऑटिस्टिक आहे" असंच अभिमानाने म्हणतात, तिथे तुम्ही "ऑटिझम असलेली व्यक्ती" म्हणून त्यांना दुरुस्त करू नका, ज्याचं त्याने ठरवलेलं चालेल.

मावशी हल्ली नवीन माणसाला स्वतःच सांगते, "मला फिट्स येतात, पडले तर कुशीवर वळवा आणि तोंडात काही घालू नका."