रॅपिडसाठी हेल्मेट: कपाळ झाकलं तरच उपयोग

नागपूरहून ऋषिकेश किंवा कोलाडला रॅपिडमध्ये, म्हणजे नदीच्या खळाळत्या, दगडाळ पाण्यात, कयाक (एकट्याने वल्हवायची निमुळती होडी) चालवायला निघणार असाल, तर हेल्मेट इथेच, घरी बसून नीट बसवून घ्या. काठावर पोचल्यावर घाई असते आणि ढिगातलं हाताला येईल ते डोक्यावर चढतं.

स्कूटरचं हेल्मेट नको, आयएसआयचं असलं तरी. त्यातला थर्माकोलसारखा फोम एका मोठ्या धडकेसाठी असतो. एकदा चेपला की चेपला. कयाक उलटली की डोकं एका पलटीत दोन-तीनदा दगडाला लागू शकतं. शिवाय त्याचं अस्तर पाणी पितं आणि कान बंद राहिल्यामुळे साथीदाराची हाक ऐकू येत नाही. आतल्या लेबलवर ईएन १३८५ शोधा, म्हणजे अशा पाण्यातल्या हेल्मेटांचं युरोपीय मानक. हे मानक श्रेणी १ ते ४ च्या पाण्यासाठी आहे (श्रेणी जितकी वरची, तितकं पाणी अवघड); त्यापुढच्या पाण्याची हमी ते देत नाही.

आता माप. भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटीमीटरवर टेप फिरवून डोक्याचा घेर घ्या. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या जरा वर, दोन बोटांपेक्षा जास्त अंतर नको. ऊन-घामाने कंटाळून माणूस ते मागे सरकवतो, आणि उघडं पडतं ते नेमकं कपाळ. पलटीनंतर पुढे वाकून डेकला, म्हणजे कयाकच्या वरच्या पृष्ठभागाला, चिकटलं तरी दगड तिथेच लागण्याची भीती असते. आमच्या मते, चुकीच्या मापाचं महागडं कार्बन हेल्मेट घेण्यापेक्षा साधं एबीएस प्लास्टिकचं पण घट्ट बसणारं कधीही बरं.

पट्टा लावण्याआधी मान हलवा: हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे, नुसतं हेल्मेट नव्हे. मग पट्टा लावा, हनुवटीखाली एक बोट जाईल इतपत. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचा जोड कानाच्या खाली आला पाहिजे. तळहाताने पुढची कड वर ढकला, नंतर मागची कड धरून पुढे ओढा. कपाळ उघडं पडलं किंवा हेल्मेट डोळ्यांवर आलं, तर मागचा पट्टा आवळा, तरी नाही जमलं तर माप बदला. नदीत हे काम पाणी करतं: कडेखाली शिरून हेल्मेट मागे ओढतं. हेल्मेटला टोपीसारखी पुढे आलेली मोठी झाप असेल, तर तीत पाणी अडून मानेलाच हिसका बसतो.

हीच तपासणी ओल्या हेल्मेटवर पुन्हा करा. बादलीत दहा मिनिटं बुडवा, घाला, ढकला. कोरडं असताना घट्ट वाटणारं कधी कधी इथेच सैल पडतं. डोक्याला खोबरेल चोपडलेलं असेल तर सरकणारच. त्या दिवशी तेल लावू नका. अंबाडा किंवा उंच पोनीटेल हेल्मेटला वर उचलते, वेणी खाली मानेवर घ्या.

खडकाळ, उथळ पाण्यात कान आणि कानशिलं झाकणारं घ्या. चेहऱ्यासमोर गार्ड असलेलं हेल्मेट उतारावरच्या अरुंद नाल्यांत कामाचं.

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो. बंद गाडीची डिकी त्याहून तापते, त्यात फोमचा गोंद सुटतो आणि कवच वाकडं होऊ शकतं. ऑइल पेंट, थिनर किंवा डास पळवणारा स्प्रे कवचाला लागू देऊ नका. प्लास्टिकला बारीक चिरा पडतात, दिसतही नाहीत. आतला फोम बोटाने दाबून पाहा, सैल झाला असेल तर आधी उत्पादकाच्या सूचना वाचा, मिळेल तो गोंद लावू नका. तडा गेला, पट्ट्याची शिवण उसवली किंवा जोराचा मार बसला, तर हेल्मेट बदला आणि जुन्याचा पट्टा कापून टाका, म्हणजे दुसरं कोणी ते घालणार नाही.