मुंजा, व्हॅम्पायर, झोंबी: मेलेल्यांची तुलना करायची ती अशी

‘हडळ म्हणजे आपल्याकडची व्हॅम्पायर’ हे वाक्य भयकथांवरच्या गप्पांत हमखास येतं. दोघी रात्री येतात, देखण्या असतात, माणसाचा जीव घेतात. झालं, जुळलं! पण हडळ मानेत सुळे रुतवत नाही. तिने झपाटलेला माणूस मेला तर तो हडळ होत नाही. आणि तिच्या छातीत खुंटी ठोकायची म्हटलं तर ठोकणार कुठे? तिचं प्रेत केव्हाच जळून गेलंय. दिसण्यावरून केलेली तुलना अशी तोंडावर आपटते.

भयकथा लिहिणाऱ्याने किंवा लोककथा बारकाईने वाचणाऱ्याने कागद आडवा धरावा आणि सहा रकाने आखावेत: प्रेताचं काय झालं, माणूस मागे का राहिला, त्याला काय हवंय, लागण होते का, हद्द कोणती, आणि उपाय काय. एका ओळीत एकच प्रकार. लोककथेतला आणि सिनेमातला प्राणी यांचं नाव एक असलं तरी ओळी दोन. ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा, पुढे निम्मे घोटाळे टळतात.

पहिला रकाना: प्रेताचं काय झालं

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला, कारण बाकीचे रकाने बरेचसे यातूनच भरतात. ज्या मुलखात प्रेत पुरतात तिथे मेलेला माणूस शरीरासकट परत येतो. जिथे जाळतात तिथे तो शरीराविना येतो आणि दुसऱ्याचं अंग उसनं घेतो.

व्हॅम्पायरचं मूळ पाहायचं तर सर्बियात जावं लागतं. १७२५ साली किसिल्येवो गावात पेटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला, आणि त्यामागोमाग आठ दिवसांत नऊ माणसं गेली. गावकऱ्यांनी ऑस्ट्रियन अधिकाऱ्यासमोर त्याचं थडगं उघडलं. काही वर्षांनी मेद्वेजा गावात तसाच प्रकार झाला. तिथे लष्करी शल्यचिकित्सक योहान फ्ल्युकिंगर याने प्रेतं तपासली आणि जानेवारी १७३२ मध्ये रीतसर अहवाल दिला. त्या काळच्या या नोंदींत जे दिसलं ते असं: तोंडाशी ताजं रक्त, फुगलेलं अंग, जुनी कातडी आणि नखं गळून खाली नवी आलेली.

आज शवविच्छेदन शिकलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. आतड्यातले जंतू वायू तयार करतात, पोट फुगतं, तो दाब फुप्फुसातला काळपट लाल द्रव तोंडानाकातून बाहेर ढकलतो. वरची कातडी सुटते, नखं गळतात, खालचा ओला लालसर थर नवा वाटतो. त्वचा आकसल्याने दाढीचे खुंट वर येतात आणि दाढी वाढल्यासारखी दिसते. अशा प्रेतात खुंटी ठोकली की कोंडलेला वायू स्वरयंत्रातून बाहेर पडतो आणि प्रेत कण्हतं. म्हणजे लोककथेतला व्हॅम्पायर हे कुजणाऱ्या प्रेताचं बऱ्यापैकी अचूक वर्णन आहे. म्हणूनच तो गुबगुबीत आणि लालबुंद असतो. फिकट, सडपातळ, उंची कपड्यांतला सरदार हा एकोणिसाव्या शतकातल्या साहित्याचा प्रताप. तुमच्या तक्त्यात तो वेगळ्या ओळीत जाईल.

आता स्मशानाकडे या. चिता पेटल्यावर काही तासांत उघडून पाहण्यासारखं काही उरतच नाही. मग मेलेल्याला राहायला जागा लागते: पिंपळ, पडकी विहीर, शीव, ओसाड वाडा. आणि बोलायला तोंड लागतं, म्हणून तो कोणाच्या तरी अंगात येतो. ‘झपाटणं’, ‘लागीर होणं’, ‘बाधा’ हे सगळे शब्द उसन्या शरीराचेच आहेत. इथे लेखक हमखास चुकतात. दहन झालेल्या माणसाचा सडलेला हात जमिनीतून वर काढतात. तो हात हवाच असेल तर आधी पुरण्याचं कारण द्या. लहान मुलं, संन्यासी आणि लिंगायत समाजातले मृत पुरले जातात. त्यातला एखादा धागा कथेत बसतो का पाहा.

वेताळ या विभागणीत नीट बसत नाही, आणि त्यातच त्याची गंमत आहे. अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात तो स्मशानात, शिंशपा वृक्षाला लटकणाऱ्या प्रेतात शिरलेला असतो. प्रेत कोणा दुसऱ्याचं, आत बोलणारा वेगळाच. त्यामुळे ‘हा कोणाचं भूत?’ या प्रश्नाला त्याच्याबाबत उत्तरच नाही. त्याला झोंबीशेजारी बसवणारे हे विसरतात. झोंबीचं शरीर असतं आणि आतला माणूस हरवलेला असतो. वेताळाच्या बाबतीत शरीर परकं आणि आतला इतका शाबूत की राजाला एकामागून एक कोडी घालतो.

दुसरा रकाना: मागे का राहिला

युरोपात कारणं बहुधा मरणाऱ्याच्या पापाची किंवा अपघाताची: आत्महत्या, चर्चने बहिष्कृत करणं, किंवा नुसतं प्रेतावरून मांजराने उडी मारणं. आपल्याकडचं कारण बहुतेक वेळा अर्धवट राहिलेला संस्कार किंवा इच्छा. मुंज झाली पण सोडमुंजीआधी, म्हणजे मुंजीचं व्रत संपवणाऱ्या विधीआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. धनात जीव अडकला तो ब्रह्मसमंध. नावातच मृत्यूचा दाखला.

मुंज परंपरेने आठव्या वर्षी, म्हणून कथेतला मुंजा आठ वर्षांपासून मिसरूड फुटेपर्यंतचा ठेवा. (आता सोडमुंज बहुतेक घरांत लग्नाच्या तोंडावर उरकतात. नियम काटेकोर लावला तर तीस वर्षांचा अविवाहित इंजिनिअरही मुंजा व्हायला पात्र ठरेल. विनोदी कथेला हे चालेल, पण लोककथा मात्र पोरावरच ठाम आहे.)

कारण ठरलं की दिवस मोजा. गरुडपुराणाच्या परंपरेत मेलेल्याला दहा दिवसांच्या पिंडांतून नवं सूक्ष्म शरीर मिळतं. पहिल्या दिवशीच्या पिंडातून डोकं, मग क्रमाने बाकीचे अवयव. बाराव्या दिवशी सपिंडीकरण होऊन प्रेताचा पितर होतो. मधल्या दिवसांत तो ना इकडचा ना तिकडचा. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना की नातेवाईक हात जोडून ‘पोरीचं लग्न आम्ही लावून देऊ’ म्हणतात, ते याच दिवसांतलं. भयकथेसाठी याहून चांगलं घड्याळ शोधून सापडणार नाही, तरी आपले लेखक अमावास्येच्या रात्रीचे बारा ठोके वाजवत बसतात.

हवंय काय

हा रकाना लवकर भरतो. व्हॅम्पायरला रक्त, पडद्यावरच्या झोंबीला मांस, समंधाला त्याचं धन, हडळीला नवरा किंवा मूल. हैतीच्या लोककथेतल्या झोंबीला काहीच नको असतं. हवं असतं ते त्याच्या मालकाला, आणि ते म्हणजे फुकटची मजुरी.

लागण: कथानक इथे ठरतं

एका रात्री एक व्हॅम्पायर एकालाच चावला आणि प्रत्येक बळी दुसऱ्या रात्रीपासून कामाला लागला, असं धरा. एकाचे दोन, दोनाचे चार. दहाव्या रात्रीनंतर १०२४. हजार वस्तीचं गाव पंधरवड्याच्या आत संपलं. म्हणून लागणीच्या कथेला लगाम लागतो: बळी उठायला अनेक दिवस लागणं, फक्त नातेवाइकांनाच बाधणं, रोज न चावणं. मेद्वेजाच्या प्रकरणात तर बाधित गुरांचं मांस खाल्लेलेही व्हॅम्पायर होतात असं लोक मानत होते. तशी सूट तुम्ही दिलीत तर हिशेब आणखी लवकर हाताबाहेर जाईल.

झोंबीच्या इथे दोन ओळी हव्यातच. हैतीमधला झोंबी कोणाला चावत नाही आणि वाढतही नाही. ‘बोकोर’ म्हणजे मांत्रिक, तो एकेकाला थडग्यातून उठवून शेतात राबवतो. मीठ चाखलं की झोंबीला आपण मेलोय याची शुद्ध येते आणि तो थडग्याकडे चालू लागतो, असं मानतात. फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांत गुलामगिरी भोगून १७९१ ते १८०४ या काळात लढून स्वतंत्र झालेल्या लोकांची ही भीती आहे. तिथे धास्ती झोंबी भेटण्याची नसते, आपणच झोंबी होण्याची असते. मेल्यावरही काम संपणार नाही ही ती धास्ती. टोळ्यांनी येऊन मांस खाणारा झोंबी १९६८ च्या एका अमेरिकी सिनेमापासून रूढ झाला, आणि त्या सिनेमात ‘झोंबी’ हा शब्द कोणी उच्चारतही नाही. त्यात त्यांना ‘घूल’ म्हटलंय. आता अरबी लोककथेतला घूल हा मेलेला माणूसच नाही, तो वाळवंटातला रूप बदलणारा राक्षसी जीव. तेव्हा त्याला या तक्त्यातून बाहेर काढा. पळणारे ‘झोंबी’ दिसले तर आधी ते मेलेत का हे तपासा; अलीकडच्या बऱ्याच सिनेमांत ते फक्त आजारी असतात.

मराठी भुतांत लागण नाही. मुंजाने मारलेला माणूस मुंजा होत नाही, ज्याचं त्याचं मरण वेगळं. त्यामुळे आपली भूतकथा एका घरात, एका विहिरीशी, एका कुळात खोल जाते. शहरभर पसरत नाही. पसरवायचीच असेल तर मुंजांची फौज उभी करू नका. एकाच वास्तूत वेगवेगळ्या कारणांनी मेलेली वेगवेगळी भुतं ठेवा.

हद्द आणि हालचाल

चिनी ‘जियांगशी’ उड्या मारत येतो, कारण त्याचं शरीर ताठलेलं आहे. खऱ्या प्रेताचा ताठरपणा एकदोन दिवसांत ओसरतो, कथेत तो कायम राहतो, एवढीच सूट. कपाळावर पिवळ्या कागदाचा मंत्र चिकटवला की तो थांबतो, आणि श्वास रोखून धरला तर त्याला माणूस सापडत नाही. आइसलँडच्या गाथांतला ‘ड्राउगर’ निळाकाळा, अवाढव्य आणि बैलासारखा जड असतो. रात्री घराच्या छपरावर बसून टाचा आपटतो. त्या भागात प्रेत भिंतीला भोक पाडून बाहेर काढायचे आणि भोक बुजवायचे, म्हणजे परतीची वाट सापडू नये.

हडळीचे उलटे पाय म्हणजे ओळखीची खूण. कथेत त्या नुसत्या दाखवू नका, वापरा: तिच्या पावलांचा माग काढणारा माणूस ती गेली त्याच्या बरोबर उलट दिशेला जाईल. चकव्याला रूपच नाही, तो फक्त वाट फिरवतो. त्याला चेहरा दिलात की तो चकवा उरत नाही.

उजेडाबद्दल एक दुरुस्ती. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना लोककथेतली नाही. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतला सरदार दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची ताकद कमी असते. त्याला उन्हाने मारलं १९२२ च्या जर्मन मूकपटाने.

उपाय

उपाय कारणाला जुळला पाहिजे, नुसता जोरदार असून भागत नाही. शरीर असेल तर शरीर निकामी करा: व्हॅम्पायरला खुंटी, शिरच्छेद आणि शेवटी आग, ड्राउगरचं डोकं उडवून ते मांडीशी ठेवायचं आणि मग जाळायचं. जरा लक्ष द्या, युरोपातला शेवटचा जालीम उपाय हा आपल्याकडचा रोजचा अंत्यसंस्कार आहे. शरीर नसेल तर राहिलेलं पुरं करा: क्रिया, पिंडदान, दिलेला शब्द.

आणि तिसरा मार्ग, जो भाषांतरित भयकथा वाचून लिहिणाऱ्यांना सुचतच नाही: त्याला घालवायचंच नाही, मान द्यायचा. कोकणात आणि गोव्यात देवचार, राखणदार हे शिवेवर ठेवून घेतलेले आहेत. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरताना त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. स्मशानातला वेताळ इथे गावाचा रखवालदार झाला. त्याच्यावर बंदूक रोखणारा नायक लिहिलात तर कोकणातला वाचक पुस्तक मिटेल. देव्हाऱ्यातल्या देवाला सोडून क्रूस दाखवणाऱ्या पात्रांचंही तसंच.

भगताने मारझोड करून भूत उतरवण्याचा प्रसंग लिहिणार असाल तर कथेचा काळ पाहा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतरच्या महाराष्ट्रात तो गुन्हा आहे, म्हणजे कथेत पोलीसही यायला हवेत.

माहिती कुठून भरायची

कोकणासाठी ब्रिटिश अधिकारी एन्थोव्हेनने १९१५ मध्ये छापलेला लोककथांचा संग्रह धरा. त्यातली मूळ सामग्री नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याने गोळा केली होती; तोच, ज्याला १९०९ मध्ये नाटकगृहात गोळी घातली गेली. उत्तरं गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवली, म्हणून एकाच भुताची वर्णनं गावागणिक बदलतात. त्यांची सरासरी काढू नका. एक गाव निवडा आणि त्याच गावाची ओळ भरा. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश जवळ ठेवा. खवीस, झोटिंग, गिऱ्हा यांना एकच ‘भूत’ समजण्याची खोड त्याने मोडते.

तक्ता भरून झाला की दोन ओळींतले उपाय आपापसांत बदलून पाहा. मुंजाला खुंटी द्या, व्हॅम्पायरची सोडमुंज करा. तरीही तुमची कथा न अडखळता पुढे सरकली, तर त्या प्राण्याचं फक्त नाव वापरलंय. पहिल्या रकान्यापासून पुन्हा बसा.