ग्राफ्टला जंतुसंसर्ग: ऑपरेशनआधीची तयारी

ग्राफ्ट (रक्तवाहिनीच्या जागी बसवलेली कृत्रिम नळी) असलेल्या रुग्णाच्या जांघेतल्या जुन्या टाक्यांतून चिकट पाणी झिरपतंय, ताप नाही, पांढऱ्या पेशीही जवळपास नॉर्मल. अशा वेळी ‘वरवरचं इन्फेक्शन’ समजून गोळ्या सुरू करू नका. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा त्वचेवरचा जंतू ग्राफ्टवर बायोफिल्मचा (जंतूंभोवतीच्या चिकट आवरणाचा) थर धरून गुपचूप राहतो. दोन दिवसांच्या गोळ्यांनी तो मरत नाही, पण कल्चर (नमुन्यातून जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) कोरं येतं आणि पुढचे कित्येक आठवडे अंदाजाने औषध द्यावं लागतं. म्हणून रुग्ण स्थिर असेल तर आधी ब्लड कल्चर घ्या: वेगवेगळ्या जागांहून २ ते ३ संच, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त. सेप्सिस (संसर्गाने शरीरभर झालेला जीवघेणा बिघाड) असेल तर कल्चर काढून लगेच अँटिबायोटिक.

मग क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) पाहून सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन). ग्राफ्टभोवती दोन महिन्यांनंतरही हवा किंवा तीन महिन्यांनंतरही पाणी दिसलं, तर संसर्गच धरून चला. पेट स्कॅन (जास्त सक्रिय पेशी चमकताना दाखवणारा स्कॅन) उपयोगी, पण ताज्या ऑपरेशननंतर भरणारी जखमही चमकते, तेव्हा जपून वाचा.

महाधमनीत ग्राफ्ट असलेल्याला रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली, तर रक्तस्राव थांबला म्हणून निर्धास्त होऊ नका. पुढचा जीवघेणा असू शकतो. एंडोस्कोप (दुर्बीण) ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या, तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत न्यायला सांगा. त्यात काही दिसलं नाही, तरी फिस्टुला (ग्राफ्ट आणि आतडं यांच्यात पडलेलं भोक) नाही असं ठरत नाही. रक्त क्रॉसमॅच करून (रुग्णाशी जुळवून) ओटी (ऑपरेशन थिएटर) तयार ठेवा.

संसर्ग झालेला ग्राफ्ट शक्यतो पूर्ण काढायचा, त्यामुळे जागी काय बसवणार हे आदल्या दिवशीच ठरवा. मांडीची खोल शीर वापरायची असेल तर डॉपलरने (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) तिची रुंदी आणि जुनी गुठळी तपासा. ही शीर काढायला वेळ लागतो, भूलतज्ज्ञांना तशी कल्पना द्या. रिफॅम्पिसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेला डॅक्रॉन (कृत्रिम धाग्याचा ग्राफ्ट) हा दुसरा पर्याय, मात्र खूप पू किंवा प्रतिरोधक जंतू असतील तिथे तो कच्चा पडतो.

टेबलावर लेबल लावलेल्या निदान पाच निर्जंतुक डब्या हव्यात. पू, ग्राफ्टचा तुकडा, भोवतालची ऊती असे नमुने वेगवेगळ्या स्वच्छ हत्यारांनी घ्या. स्वॅबवर (कापसाच्या काडीवर) भागवू नका, फॉर्मालिनच्या (जंतू मारणाऱ्या द्रवाच्या) डबीत कल्चरचा नमुना टाकू नका. सोनिकेशनची (ध्वनिलहरींनी ग्राफ्टवरचे जंतू सुटे करण्याची) सोय आणि १० ते १४ दिवस कल्चर राखणं, याबद्दल प्रयोगशाळेशी आधीच बोलून घ्या. नवा ग्राफ्ट झाकायला पोटात ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा), जांघेत सार्टोरियस (मांडीचा स्नायू).

नंतर साधारण ४ ते ६ आठवडे शिरेतून औषध, पुढे काही महिने गोळ्या. रिफॅम्पिसिन एकटं कधीच देऊ नका, आणि रुग्ण वॉरफरिनवर (रक्त पातळ करणाऱ्या औषधावर) असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) वरचेवर पाहा: रिफॅम्पिसिनने तो घसरतो आणि नवा ग्राफ्ट गुठळीने बंद पडू शकतो.