पाणमांजरांसाठी कॅमेरा ट्रॅप: पहिल्या हंगामाला येणाऱ्यांसाठी

पाणमांजरांवर काम करायला गोव्यात किंवा सिंधुदुर्गात येणारी बरीच मुलं आधी बिबट्याच्या किंवा वाघाच्या प्रकल्पात कॅमेरे लावून आलेली असतात. ते शिक्षण इथे अर्धंच कामाला येतं. कॅमेरा ट्रॅपच्या सेन्सरला नुसती हालचाल कळत नाही. आजूबाजूपेक्षा गरम किंवा थंड असं काही समोरून सरकलं तरच तो जागा होतो. बिबट्या कोरडा आणि उबदार. पाणमांजर मात्र पाण्यातून वर येतं तेव्हा त्याचे वरचे केस जवळपास पाण्याइतकेच गार असतात, आणि खालची दाट लव अंगातली ऊब बाहेर सोडतच नाही. अख्खा कळप कॅमेऱ्यासमोरून चढून जातो आणि कार्डावर उन्हात तापून वाऱ्याने हललेल्या पानांशिवाय काही नसतं.

म्हणून पाण्यातून वर येण्याच्या वाटेवर कॅमेरा लावायचा मोह आवरा. ती अंग कुठे सुकवतात ते शोधा. खाजन जमिनीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेल्या शेतजमिनीत, अशा जागा बहुतेक बांधावर किंवा मानशीच्या (बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या) आसपास सापडतात: गवत लोळून दबलेलं, माती उकरलेली, आणि तिथेच कळपाचा सामाईक संडास. लोळून, अंग घासून झालं की प्राणी सेन्सरला दिसू लागतो. परतीच्या वाटेवरचे व्हिडिओ येतानाच्या वाटेपेक्षा जास्त मिळतात ते यामुळेच. फोटोऐवजी व्हिडिओच ठेवा; कळपातलं पहिलं जनावर निसटलं तरी मागची सापडतात.

विष्ठा ओळखणं हे या कामातलं खरं शिक्षण, आणि ते चिखलात बसूनच होतं. ताजी असेल तर काळपट, चिकट आणि मासळीचा दर्प असलेली. जुनी झाली की पांढुरकी पडते आणि हात लावताच भुगा होतो. खाडीतल्या स्मूथ-कोटेड पाणमांजराच्या विष्ठेत मुख्यतः खवले आणि काटे. सह्याद्रीतल्या ओढ्यांवरचं स्मॉल-क्लॉड पाणमांजर आकाराने बरंच लहान, जेमतेम साडेतीन किलोपर्यंतचं, आणि त्याचा भर खेकड्यांवर, त्यामुळे कवचांचे तुकडे. पण कवचं दिसली की लगेच पाणमांजर लिहून मोकळे होऊ नका. मुंगूस खेकडे खातं, कोल्हाही खातो. शेजारी पाच बोटांचा ठसा आहे का, एकाच जागी जुनी-नवी विष्ठा साठली आहे का, ते पाहा. हातमोजे घाला, हे सांगायला नको.

आता पाणी. भरतीचं वेळापत्रक फोनमध्ये असतंच, पण मासेमारी करणाऱ्यांना विचारलेलं बरं, कारण वेळापत्रक बंदराचं असतं आणि तुमचा कॅमेरा खाडीत आत कुठेतरी असतो. तिथे पाणी उशिरा चढतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर येतं ती खूण खारफुटीच्या खोडावर बघून मगच उंची ठरवा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, जागा निवडली तर कोरडी वाटलेली जमीन आठवड्याभरात पाण्याखाली असते. जनावर बुटकं, तेव्हा कॅमेरा गुडघ्याच्या खालीच हवा. संडासाची जागा बहुधा भरतीरेषेच्या वर असते, म्हणून दोन्ही जमतं. तोंड शक्यतो उत्तरेकडे. उगवतीचा किंवा मावळतीचा सूर्य थेट भिंगात आला की रिकामे व्हिडिओ भरतात. चकाकणारं पाणीही चौकटीत कमीत कमी घ्या. डबीत सिलिका जेल ठेवा, बॅटरीचे संपर्कबिंदू पुसत राहा, कारण खारी हवा तिथूनच कॅमेरा खाते. मुंग्यांचं काय करायचं याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. त्यांना कॅमेऱ्याची डबी फार आवडते.

मगरी आहेत. कुंभारजुवेच्या कालव्यात आणि आसपासच्या खारफुटीत त्या नेहमी दिसतात. काठावर एकट्याने, अंधारात, उकिडवं बसून विष्ठा गोळा करू नये.

परवानगीचं काम हंगामाच्या बरंच आधी सुरू करा. पाणमांजराला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यासारख्या जागी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय खोडाला पट्टाही बांधायचा नाही. बाहेरच्या जमिनीवर मालकाला, कुळांना, गोव्यात असाल तर कोमुनिदादला (गावच्या सामाईक जमिनीची मालकी असलेल्या संस्थेला) देखील विचारायचं. लोकांच्या मनात पहिली शंका ठरलेली असते: हे लोक फोटो काढणार, मग इथे अभयारण्य होणार, आणि आमचं शेत जाणार. ती शंका हसण्यावारी नेऊ नका. मानशीवरच्या मासेमारीचे हक्क लिलावात पैसे मोजून घेतलेले असतात. पाणमांजर जाळं फाडून मासे नेतं तेव्हा तोटा त्या माणसाच्या खिशातून जातो. त्याच्याजवळ बसून आधी ते ऐका. कळप कोणत्या वेळी, कोणत्या बाजूने येतो हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि कॅमेरा चोरीला जाऊ नये असं वाटणारा माणूसही तोच हवा. कॅमेऱ्यावर स्थानिक भाषेत चिठ्ठी लावा. शिंपले वेचायला येणाऱ्या बायका, आंघोळ करणारी माणसं व्हिडिओत आली तर ते तुकडे त्याच दिवशी पुसा, कुणाला दाखवू नका.

माहिती भरताना एक ठाम सूचना. वाघाला पट्ट्यांवरून वेगळं ओळखता येतं, तसं पाणमांजरांना अंगावरून ओळखता येत नाही. एकच कळप रोज फिरकत असेल तर तुमच्याकडे व्हिडिओंचा ढीग होईल आणि जनावरं तितकीच राहतील. तेव्हा ‘किती पाणमांजरं’ या रकान्यात बेरीज करू नका. एका व्हिडिओत एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसली, पिल्लं होती का, वेळ काय, भरती की ओहोटी, एवढं लिहा. कॅमेरा चालू होता पण काहीच आलं नाही असे दिवसही नोंदवा, आणि शेजारी ताजी विष्ठा होती का तेही. सेन्सर चुकतो हे माहीत असताना रिकाम्या कार्डाला ‘इथे पाणमांजर नाही’ असं म्हणता येत नाही.

मे अखेरीस सगळे कॅमेरे काढा. पहिल्या मोठ्या पावसाची वाट पाहू नका. बांधावरून पाणी गेलं की पट्टा, कुलूप आणि झाडाची फांदी एकत्रच जातात.