मृत्युपूर्व जबाब: घरच्यांनी, पोलिसांनी आणि नव्या वकिलांनी या चुका टाळाव्यात

साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून "मला अमक्यानं सांगितलं" म्हणाला की समोरचा वकील लगेच हरकत घेतो. ऐकीव पुरावा चालत नाही. ज्याने पाहिले त्यानेच येऊन शपथेवर सांगावे आणि उलटतपासाला तोंड द्यावे, असा नियम आहे. सांगणारा माणूसच हयात नसेल तेव्हा मात्र कायदा काही वाटा मोकळ्या ठेवतो. त्यातली सर्वांत वजनदार वाट म्हणजे मृत्युपूर्व जबाब, म्हणजे मेलेल्या माणसाने आपल्या मृत्यूच्या कारणाबद्दल आधी सांगून ठेवलेले बोलणे.

खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य हा नागपूरचा खटला. त्यात १९५८ च्या आसपास सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जबाब विश्वासार्ह असेल तर केवळ त्याच्या आधारावरही शिक्षा होऊ शकते. म्हणजे एका कागदावर कुणाची तरी जन्मठेप ठरू शकते, आणि तो सांगणाऱ्याला पुन्हा काही विचारता येत नाही. खाटेपाशी झालेली चूक कोर्टात कुणालाच दुरुस्त करता येत नाही, म्हणून हे लिहिणे गरजेचे वाटते.

खाटेभोवतीची गर्दी

सर्वांत जास्त नुकसान इथे होते. लेक भाजलेली असते, आई-बाप हादरलेले असतात, आणि जबाब चालू असताना कुणीतरी उशाशी उभे राहून म्हणते, "सांग ना, सासूनं काय केलं ते." त्यांचा हेतू वाईट नसतो. पण उलटतपासात एवढे समोर आले की जबाब पढवलेला असल्याचा संशय उभा राहतो, आणि खरी तक्रारसुद्धा त्यात वाहून जाते. नातेवाइकांनी त्या वेळी वॉर्डाबाहेर थांबावे. जबाब घेणाऱ्यानेही तसे सांगावे, आणि खोलीत कोण कोण होते ते लिहून ठेवावे.

दुसरी गोष्ट भाषेची. गावातली बाई "सदर इसमाने माझे अंगावर ज्वालाग्राही पदार्थ ओतून" असे बोलत नाही. ती म्हणते, "त्यानं रॉकेल वतलं." तेच लिहा. खुशाल राव निकालातही प्रश्नोत्तरांच्या रूपात आणि शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत दंडाधिकाऱ्याने नोंदवलेल्या जबाबाला वरचे स्थान दिले आहे. उत्तर सुचवणारे प्रश्न टाळा. "नवऱ्यानेच पेटवले का?" यापेक्षा "काय झाले?" हा प्रश्न कोर्टात कितीतरी चांगला टिकतो. लिहिलेले वाचून दाखवा आणि बरोबर आहे का विचारा. दोन्ही हात भाजलेले असतील तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्या, आणि तो का घेतला तेही नमूद करा.

डॉक्टरांच्या शेऱ्याबद्दल दोन टोके

रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे असा डॉक्टरांचा शेरा नाही म्हणून जबाब बाद, असे काही वकील अजूनही ठामपणे सांगतात. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००२ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा वाद मिटवला. जखमी माणूस सांगण्याच्या मानसिक स्थितीत होता, याबद्दल जबाब घेणाऱ्याची खात्री पटलेली असेल आणि ती कोर्टालाही पटली, तर प्रमाणपत्राअभावी जबाब पडत नाही. पण याचा अर्थ शेरा घेऊच नये असा नाही. डॉक्टर हजर असताना शेरा न घेणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. शेऱ्यावर वेळ हवी. गुंगीचे औषध दिलेले असेल तर ते केव्हा दिले हे केसपेपरवरून जुळले पाहिजे.

दंडाधिकाऱ्याची वाट पाहत बसणे

दंडाधिकारी म्हणून येणारा नायब तहसीलदार पोहोचेपर्यंत माणूस गेला, असे घडू देऊ नका. ठराविक नमुना नाही, आणि घेणारा अमुकच हवा असेही नाही. डॉक्टर, परिचारिका, हवालदार, शेजारी, कुणीही ऐकू शकतो आणि लिहू शकतो. बोलता येत नसेल तर खुणाही चालतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८५ मध्येच हे मान्य केले होते, आणि दिल्लीच्या निर्भया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खुणांनी दिलेला जबाब ग्राह्य धरला. मात्र हाताशी पुरेसा वेळ असूनही पोलिसांनी दंडाधिकाऱ्याला बोलावले नसेल, तर त्याचे कारण विचारले जाणारच.

पहिला जबाब दडवणे

दवाखान्यात आणल्यावर बाई म्हणते, "स्टोव्ह भडकला." दुसऱ्या दिवशी माहेरचे आल्यावर नवऱ्याचे नाव घेते. कदाचित पहिल्यांदा नवरा शेजारी उभा होता म्हणून ती घाबरली असेल, किंवा दुसऱ्यांदा माहेरच्यांनी भरीस घातले असेल. कोर्ट प्रत्येक जबाब स्वतंत्रपणे आणि भोवतालच्या परिस्थितीसह तोलते. तपासी अंमलदाराने पहिला जबाब बाजूला ठेवला तर केसपेपरवरची पहिली ओळच बचावाच्या हाती लागते. दोन्ही जबाब समोर ठेवा, आणि दोन्ही वेळी तिच्याजवळ कोण होते याचा तपास करा.

"मरणाची खात्री हवी" हा समज

हा इंग्लंडचा जुना नियम. आपल्याकडे बोलणाऱ्याला मृत्यूची चाहूल लागलेली असलीच पाहिजे असे नाही. १९३९ च्या पकाला नारायण स्वामी खटल्यात मृताने घरातून निघताना आपण कुठे आणि कशासाठी चाललो आहोत हे बायकोला सांगितले होते. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपिली न्यायालयाने, ते ग्राह्य धरले. शरद बिरदीचंद सारडा या पुण्याच्या खटल्यात १९८४ मध्ये विवाहितेची पत्रे याच अपवादाखाली तपासली गेली, जरी आरोपी शेवटी सुटला. पण मृत्यूचे कारण किंवा मृत्यूला कारणीभूत झालेली परिस्थिती, यांच्याशी बोलण्याचा संबंध हवाच. वर्षापूर्वीची प्रत्येक कुरबूर यात बसत नाही. छळाच्या आरोपासाठी, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम ४९८-अ साठी, मृत विवाहितेचे बोलणे वापरता येते का? काही जुन्या निकालांत "नाही" असे उत्तर होते. २०२२ च्या सुरेंद्रन विरुद्ध केरळ राज्य या निकालाने ती वाट पूर्ण बंद नसल्याचे सांगितले: खटल्यात मृत्यूच्या कारणाचा प्रश्न आलेला असावा, आणि बोलणे त्या मृत्यूशी जोडलेले असावे. युक्तिवादाआधी हा निकाल वाचाच.

कलमाचा आकडाही तपासा. मृत्युपूर्व जबाबाचे, १८७२ च्या पुरावा कायद्यातले कलम ३२(१) आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ मध्ये आहे. पण १ जुलै २०२४ पूर्वीपासून प्रलंबित असलेल्या खटल्यांना १८७२ चाच कायदा लागू राहतो.

जखमी वाचला तर

हे अनेकदा विसरले जाते. माणूस बरा होऊन घरी गेला की त्याचा जबाब मृत्युपूर्व राहत नाही. आंध्रात १९९३ मध्ये बस पेटवल्याच्या खटल्यात जखमींचे जबाब दंडाधिकाऱ्याने घेतले होते, आणि त्यातले काही जण पुढे वाचले. घटनेच्या ओघातच उमटलेले बोल म्हणूनही ते चालले नाहीत, कारण मध्ये बराच वेळ गेला होता. अशा माणसाला साक्षीला बोलवावेच लागते. जुना जबाब त्याच्या साक्षीला पुष्टी द्यायला किंवा विसंगती दाखवायला तेवढा वापरता येतो. म्हणून आरोपपत्रातल्या साक्षीदारांच्या यादीत त्याचे नाव आहे का, हे सरकारी वकिलांनी सुरुवातीलाच पाहून घ्यावे.