मरणासन्न पृथ्वीची कथा लिहिताना

सूर्याची प्रखरता दर १ अब्ज वर्षांत सुमारे १० टक्क्यांनी वाढते आणि त्यामुळे शेवटी समुद्र आटतील, एवढे शास्त्र लेखकाने आधी पक्के करावे. कथेत मात्र ते समजावून सांगू नये. बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती या जैन मंदिराच्या छताचे दगडी कमळ घ्या. एवढ्या काळात दगडही टिकत नाही, म्हणून नकलेवरून नक्कल कोरली जात ते तिथवर पोहोचले असे मानावे, आणि ज्याने तळे कधी पाहिलेच नाही अशा माणसाच्या नजरेने ते दाखवावे; त्याला ते विझलेल्या ताऱ्याचे चित्र वाटेल, तर आपल्या सीमाभागातल्या वाचकाला ते ओळखून गलबलून येईल. नकलेत कोणती पाकळी हरवली, हे लेखकाने ठरवून ठेवावे, पण कोणत्याही पात्राच्या तोंडी घालू नये.