उलट पावलांनी क्षपर्यंत: समीकरण शेवटाकडून सोडवण्याची रीत

३क्ष + ५ = २० ही एक छोटी हकीकत आहे. एक संख्या होती, तिला ३ ने गुणलं, मग ५ मिळवले, शेवटी २० आले. शेवट माहीत आहे, सुरुवात शोधायची आहे. म्हणून जे शेवटी केलं ते सगळ्यांत आधी मोडायचं: २० मधून ५ काढले, १५ राहिले, १५ ला ३ ने भागलं, ५ आले. क्ष = ५.

बेरीज वजाबाकीने मोडते, गुणाकार भागाकाराने, वर्ग वर्गमूळाने, आणि यांतली प्रत्येक जोडी उलटीकडूनही चालते. हे पाठ करायला पाच मिनिटंही लागत नाहीत आणि इथे सहसा कुणी चुकत नाही. चुका होतात दोन ठिकाणी: क्षवर नेमक्या कोणत्या क्रिया झाल्या हे ओळखताना, आणि त्या कोणत्या क्रमाने झाल्या हे ठरवताना.

आधी क्षचा प्रवास लिहा

जरा लांबलचक उदाहरण घेऊ: (२क्ष − ३) ÷ ५ + ४ = ७.

क्रम कळत नसेल तर क्षच्या जागी कुठलीही सोपी संख्या ठेवा, समजा १०, आणि डाव्या बाजूची किंमत हाताने काढा. बरोबर उत्तराची इथे गरज नाही, फक्त आपला हात कोणत्या क्रमाने चालतो ते बघायचं. आधी २ ने गुणलं, २० झाले. ३ वजा केले, १७. ५ ने भागलं, ३.४. शेवटी ४ मिळवले, ७.४. हाच क्षचा प्रवास. तो एका ओळीत मांडा आणि त्याच्या खाली परतीची वाट लिहा:

सरळ: क्ष → × २ → − ३ → ÷ ५ → + ४ → ७
उलट: ७ → − ४ → × ५ → + ३ → ÷ २ → क्ष

खालच्या ओळीने चालत गेलात की ३, १५, १८ आणि शेवटी ९. क्ष = ९. पडताळून बघा: २ × ९ = १८, त्यातून ३ गेले १५, भागिले ५ म्हणजे ३, अधिक ४ म्हणजे ७. जमलं.

वहीत मात्र बाणांऐवजी समीकरणच लिहीत जा आणि प्रत्येक ओळीच्या उजवीकडे काय केलं ते नोंदवा:

(२क्ष − ३) ÷ ५ + ४ = ७
(२क्ष − ३) ÷ ५ = ३ (दोन्ही बाजूंतून ४ वजा)
२क्ष − ३ = १५ (दोन्ही बाजूंना ५ ने गुणलं)
२क्ष = १८ (दोन्ही बाजूंत ३ मिळवले)
क्ष = ९ (दोन्ही बाजूंना २ ने भागलं)

उजवीकडची ही नोंद कंटाळवाणी वाटते, पण उत्तर चुकलं तर चूक कोणत्या ओळीत आहे ते तीच दाखवते.

‘कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) उलटं वाचा, की झालं’ असंही सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. ३क्ष + ५ साठी ते बरोबर ठरतं, कारण तिथे गुणाकार आधी आणि बेरीज नंतर. ३(क्ष + ५) = २७ मध्ये कंसामुळे बेरीज आधी झाली आहे, म्हणून आधी ३ ने भागायचं (९) आणि मग ५ वजा करायचे (४). सूत्र आठवत बसण्यापेक्षा क्षवर आधी काय झालं आणि नंतर काय, एवढं विचारलेलं बरं.

क्रम बदललाच तर चालतं का? चालतं, पण मग क्रिया बाजूतल्या प्रत्येक पदावर करावी लागते. (२क्ष − ३) ÷ ५ + ४ = ७ मध्ये आधी ५ ने गुणायचं ठरवलं, तर त्या ४ लाही ५ ने गुणायला हवं: २क्ष − ३ + २० = ३५, म्हणून २क्ष = १८. नेहमीची चूक म्हणजे ४ तसेच सोडणं: २क्ष − ३ + ४ = ३५, आणि क्ष = १७. ताळा केला तर ७ ऐवजी १०.२ येतात.

‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’

या वाक्याने जितकं काम सोपं केलं तितकंच बिघडवलंही आहे. मुळात काहीच पलीकडे जात नाही. क्ष + ५ = १२ मध्ये दोन्ही बाजूंतून ५ वजा होतात; डावीकडचे ५ संपतात आणि उजवीकडे − ५ दिसतो, म्हणून तो उडी मारून गेल्यासारखा वाटतो. बेरीज-वजाबाकीत या समजुतीने नुकसान होत नाही. गुणाकारात होतं. ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ लिहिणारे पुष्कळ सापडतात, आणि −४क्ष = १२ वरून तर तीन वेगवेगळी चुकीची उत्तरं निघतात: ३, ८ आणि १६. इथे क्षला −४ ने गुणलं आहे, म्हणून −४ नेच भागायचं: क्ष = −३. वजाचं चिन्ह हा त्या सहगुणकाचाच, म्हणजे क्षला गुणणाऱ्या संख्येचाच, भाग आहे.

तसंच −क्ष = ७ वर थांबू नका. तिथे क्षला −१ ने गुणलेलं आहे; क्ष = −७.

सहगुणक अपूर्णांक असेल तर दोन पावलं एकात उरकता येतात. (२/३)क्ष = ८ मध्ये २/३ च्या गुणाकार व्यस्ताने, म्हणजे ३/२ ने गुणा: क्ष = १२.

क्ष वजा किंवा भागिले चिन्हाच्या उजवीकडे बसला असेल तेव्हा

२० − ३क्ष = ८. इथे भलेभले ‘वजा आहे, म्हणून २० मिळवा’ म्हणतात आणि २८ वर जाऊन पोचतात. नीट बघा: क्षला ३ ने गुणलं आणि जे आलं ते २० मधून वजा केलं. ‘२० वजा करणं’ आणि ‘२० मधून वजा करणं’ या दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिलीची उलट क्रिया २० मिळवणं. दुसरीची उलट क्रिया ती स्वतःच: २० मधून काहीतरी काढल्यावर ८ उरले, तर काढलं किती? २० − ८ = १२. मग १२ ÷ ३ = ४.

भागाकारातही हेच. २४ ÷ क्ष = ६ असेल तर ६ ला २४ ने गुणायचं नाही; २४ ला ६ ने भागायचं, क्ष = ४. ज्यांना हे फिरवाफिरवीचं वाटतं त्यांनी दोन्ही बाजूंना क्षने गुणावं, २४ = ६क्ष मिळतं आणि पुढचं काम ओळखीचं होतं. पहिल्या उदाहरणातही दोन्ही बाजूंत ३क्ष मिळवून २० = ८ + ३क्ष करता येतं.

‘स्वतःचाच भाग मिळवला’ हा सापळा

एका संख्येत २०% वाढ केली आणि १२०० झाले. मूळ संख्या किती? १२०० चे २०% काढून ९६० म्हणणं ही फार जुनी चूक. वाढ मूळ संख्येच्या २०% होती, १२०० च्या नव्हे. वाढ म्हणजे १.२ ने गुणणं. उलट म्हणजे १.२ ने भागणं: १०००.

उलट क्रियांची ही रीत आपल्याकडच्या गणितींनी फार पूर्वी ओळखली होती. गुणाकाराचा भागाकार करावा, भागाकाराचा गुणाकार, मिळवलेलं वजा करावं आणि वजा केलेलं मिळवावं, हा नियम आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास सांगितला. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) याला व्यस्तविधी म्हटलं आहे, आणि तिथे या भागाच्या सापळ्यासाठी वेगळा नियम दिला आहे. त्यातलं उदाहरण आजही सरावाला उत्तम: एका संख्येला ३ ने गुणलं, गुणाकारात त्याचाच ३/४ मिळवला, ७ ने भागलं, भागाकारातून त्याचाच १/३ वजा केला, आलेल्या संख्येला तिनेच गुणलं, ५२ वजा केले, वर्गमूळ काढलं, ८ मिळवले, १० ने भागलं, तर २ आले.

शेवटून चला. २ × १० = २०. २० − ८ = १२. १२ चा वर्ग १४४. त्यात ५२ मिळवले, १९६. वर्गमूळ १४. आता थांबा. स्वतःचा १/३ गेल्यावर २/३ उरतो, म्हणजे २/३ ने गुणलं होतं. म्हणून ३/२ ने गुणायचं: २१. मग २१ × ७ = १४७. स्वतःचा ३/४ मिळवणं म्हणजे ७/४ ने गुणणं. म्हणून ४/७ ने गुणलं: ८४. शेवटी ३ ने भागून २८.

१४ मध्ये १४ चा १/३ परत घालणाऱ्याला १८ पूर्णांक २/३ मिळतात आणि पुढची सगळी गाडी घसरते.

क्रमाची किंमत: तापमानाचं सूत्र

सेल्सिअसवरून फॅरनहाइट काढताना ९ ने गुणून ५ ने भागतात आणि मग ३२ मिळवतात. उलट जाताना आधी ३२ वजा, मग ५ ने गुणणं, ९ ने भागणं. ९८.६ साठी: ६६.६, ३३३, ३७. हाच क्रम चुकवून आधी ५/९ ने गुणलं आणि नंतर ३२ वजा केले तर सुमारे २२.८ येतात. क्रिया त्याच, आकडे तेच, फक्त क्रम चुकला.

जिथे ही रीत अडते

क्ष दोन ठिकाणी असेल तर प्रवासाची एकच ओळ लिहिता येत नाही. ५क्ष − ७ = २क्ष + ८ मध्ये आधी दोन्ही बाजूंतून २क्ष काढा: ३क्ष − ७ = ८. आता क्ष एकाच जागी आला, आणि १५, मग ५ हे नेहमीसारखं.

काही क्रिया एकाच वाटेने उलटत नाहीत. (क्ष − ३)² = २५ मध्ये वर्गमूळ काढताना क्ष − ३ = ५ आणि क्ष − ३ = −५ हे दोन्ही धरावे लागतात; उत्तरं ८ आणि −२. लीलावतीच्या उदाहरणातही १९६ चं वर्गमूळ −१४ धरलं तर −२८ मिळतात, आणि ते सरळ वाटेने चालवून बघितले तरी शेवटी २ च येतात. ० ने गुणलेलं तर परत मिळतच नाही, कारण कोणत्याही संख्येला ० ने गुणलं तरी ० च येतो. म्हणूनच दोन्ही बाजूंना क्षने भागताना क्ष शून्य तर नाही ना, हे बघावं लागतं. क्ष² = ४क्ष ला क्षने भागलं की ४ हाती येतो आणि ० हे दुसरं उत्तर निसटतं.

ताळा नेहमी मूळ समीकरणात करा, मधल्या ओळीत नव्हे. चूक पहिल्याच ओळीत झाली असेल तर मधली ओळ तिला पकडणार नाही. कधीकधी एकही पायरी चुकलेली नसते, तरी ताळा जमत नाही: √(क्ष + १) = −४ मध्ये दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष + १ = १६ आणि क्ष = १५ मिळतं. मूळ समीकरणात घातलं तर √१६ म्हणजे ४ येतात, −४ नव्हे. तेव्हा उत्तरात ‘उकल नाही’ असं लिहायचं.